शेवटच्या माणसाचं कार्ड

रांग बोलते आहे तोवर भ्यायचं नाही, असं घड्याळकाकू नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगायची. माणसं कुरकुरतात, मागच्या खेपेला याहून बेकार हाल झाले होते म्हणून एकमेकांची समजूत घालतात, कोणी फोनवर बायकोशी भांडतो, कोणाचं पोर भोकाड पसरतं. हे सगळं शुभ. रांग गप्प झाली आणि नुसती बॅगांची चाकं फरशीवर करकरायला लागली, की समजावं, पाणी नाकाशी आलं.

विमानतळावरच्या चेक-इनच्या दालनात ती सकाळच्या पाळीची प्रमुख. वय सत्तेचाळीस, नोकरी तेवीस वर्षं, उंची अशी की काउंटरपलीकडून बघणाऱ्याला आधी तिचा अंबाडा दिसायचा आणि मग कपाळ. डाव्या मनगटावर एक घड्याळ आणि गणवेशाच्या खिशावर टाचलेलं दुसरं, पहिलं बंद पडलं तर असावं म्हणून. नाव पडलं ते त्यावरून.

"आणि दोन्ही एकदम बंद पडली तर, काकू?" सगळ्यात धाकट्या पोरीनं एकदा विचारलं होतं. तिला सगळे लहानी म्हणायचे.

"तर मी घरी जाईन," काकू म्हणाली होती.

जन्माची भित्री ती नव्हती. नोकरीला लागून चार महिने झाले होते, तेव्हा एक दिवस दाट धुकं पडलं. विमानं खोळंबली. सहा काउंटरांवर माणसं दोन, त्यातली एक ही. दुपारच्या सुमाराला रांग गप्प झाली. आधी एक लोखंडी खांब आडवा झाला, मग पट्टे तुटले, मग मागच्या दाराची काच गेल्याचा आवाज आला आणि सगळी रांग एकदम पुढे आली. काकू काउंटरखाली घुसली. बॅगांना बांधायच्या चिठ्ठ्यांच्या ढिगात, गुडघ्यांत डोकं घालून. फटीतून तिला फक्त पाय दिसत होते आणि त्या पायांमधून लहान पोराचा एक लाल बूट, रिकामा, इकडून तिकडे लाथाडला जात होता. कोणी दगावलं नाही. पोर आईच्या कडेवर होतं, साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. पण तो बूट काकूच्या झोपेत पुढं कित्येक वर्षं येत राहिला, आणि रांगेला पाठ करून ती परत कधी उभी राहिली नाही. पाणी प्यायचं तरी रांगेकडे तोंड करून.

आता कार्डांचं सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथंच आहे.

रांगेत माणसाला किती वेळ लागतो हे मोजायची तिथली रीत अशी होती. दर वीस मिनिटांनी पाळीच्या प्रमुखानं रांगेच्या शेवटच्या माणसाला एक पिवळं कार्ड द्यायचं. त्यावर दिल्याची वेळ लिहिलेली. तो माणूस सरकत सरकत काउंटरवर पोचला की तिथली पोरगी कार्ड घेणार, पोचल्याची वेळ खाली लिहिणार आणि पेटीत टाकणार. दोन वेळांमधलं अंतर म्हणजे रांग. महिन्याच्या महिन्याला पेटी वरच्या कचेरीत जायची आणि पुढच्या मोसमात काउंटरांवर किती माणसं बसवायची ते त्या कार्डांवरून ठरायचं. कार्डं काकूचा नवरा कापून द्यायचा. तो एका छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होता. वह्यांच्या पुठ्ठ्यांतून उरलेल्या पिवळ्या पट्ट्यांची तो कार्डं करायचा, आणि हौसेनं कोपरे गोल करायचा.

सहा वर्षांमागे एका कार्डावर एक्केचाळीस मिनिटं निघाली. तेव्हाच्या साहेबानं ते कार्ड काकूच्या नाकासमोर धरलं. "वीसच्या आत पाहिजे. हे वर गेलं तर मी नाही हं तुम्हाला ओळखत," म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी काकूनं कार्ड शेवटच्या माणसाला दिलं नाही. त्याच्या चार माणसं पुढे एक कोटवाला उभा होता, हातात नुसती एक बॅग, त्याला दिलं. एवढंच. माणूस पहिली चोरी करतो ती अशी, सुईएवढी. पुढच्या आठवड्यात एका पोरीनं रांगेत पिवळं कार्ड पाहिलं आणि हात वर केला: "कार्डवाले, या इकडे." काकूनं ते पाहिलं आणि ती काही बोलली नाही. मग ती रीतच झाली. नवीन पोरगी आली की काकू स्वतः शिकवायची. कार्ड दिसलं की पुढे घ्यायचं.

कार्डांवर नऊ मिनिटं यायला लागली, अकरा यायला लागली. खरी रांग पस्तीस-चाळीसची असायची. काकूच्या पाळीला वरून मानपत्र आलं, 'सर्वांत कमी प्रतीक्षा'. ते सोनेरी चौकटीत घालून स्वच्छतागृहाच्या बाहेर लावलं होतं. तिथं सुद्धा रांग असायचीच.

झाकली मूठ म्हणतात तशी ही मूठ सहा वर्षं झाकलेली राहिली. मग त्या सोमवारी नवीन साहेब आला.

तिशीचा होता. आवाज मऊ, मांडीवर संगणक. पोरींनी पहिल्याच तासाला त्याचं नाव तक्तेवाला ठेवलं. त्यानं काकूला समोर बसवलं, पाण्याचा पेला पुढे केला आणि पडद्यावरच्या निळ्या रेघा दाखवल्या.

"तुमचं काम बघून मी थक्क झालो, काकू. सहा वर्षांत एकदाही पंधरा मिनिटांवर नाही."

"हो, म्हणजे," काकू म्हणाली.

"म्हणजे काउंटर जास्त आहेत. पाचांची गरजच नाही. तीन पुरेत. या शनिवारी चाचणी घेऊ. चार आणि पाच नंबर बंद ठेवायचे. शनिवारची कार्डं वीसच्या आत आली की पहिल्या तारखेपासून दोन मुली कमी." त्यानं नावं वाचली. त्यातलं एक लहानीचं होतं.

"या शनिवारी शाळांच्या सुट्ट्या लागतायत, साहेब. दहाचं, साडेदहाचं, अकराचं, तिन्ही विमानं भरलेली आहेत."

"म्हणूनच तर. चाचणी गर्दीलाच घ्यायची." तो खूश होऊन हसला.

बाहेर येऊन काकूनं एका कार्डाच्या मागं हिशेब केला. बॅगवाल्या माणसाला अडीच मिनिटं. तीन काउंटर, तासाला बहात्तर माणसं. शनिवारी बॅगवाले किमान तीनशे, आणि सगळे दोन तासांत येऊन उभे राहणार. तिनं तो आकडा दोनदा केला. तिसऱ्यांदा करायला घेतला तेव्हा पेन घामानं निसटलं. तिच्या डोळ्यांपुढे दाराची काच आली.

साहेबाला सांगायचं तर काय सांगायचं? रांग मोठी असते म्हणावं तर तो म्हणणार, कार्डं तुमच्याच अक्षरातली आहेत. कार्डं खोटी आहेत म्हणावं तर नोकरी गेली, आणि गेली ती गेली, त्या सगळ्या पोरी बरोबर बुडाल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं पोरींना मागच्या खोलीत गोळा केलं.

"शनिवारी कार्ड दिसलं तरी पुढे घ्यायचं नाही. येईल तेव्हा येऊ दे. खरी वेळ लिहायची."

लहानीचा चेहरा उजळला. तिची नोकरी त्यावर होती. पण एक नंबरला बसणारी चष्मेवाली डबा बंद करत शांतपणे म्हणाली, "आणि मग तो विचारेल, सहा वर्षं नऊ मिनिटं आणि आज एकदम दीड तास, हे कसं काय? काय सांगणार तुम्ही?"

"दोन काउंटर बंद होते म्हणून."

"काकू, तो तक्तेवाला आहे. दोन काउंटरांनी किती फरक पडतो ते तो झोपेत सांगेल. एक सुटा धागा ओढला की अख्खा स्वेटर उसवतो. माझ्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे. मी नाही उसवणार."

"माझ्या जागी तुझं नाव असतं तर?" लहानी म्हणाली.

"तर मी रडले असते. पण हेच केलं असतं."

कोणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर काकूला बरं वाटलं असतं.

गुरुवारी संध्याकाळी नवरा कार्डांचा गठ्ठा घेऊन आला. चहा पिताना काकूनं त्याला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. तो कपात उरलेला चहा हलवत राहिला.

"अहो, काहीतरी बोला."

"काय बोलू? मी इथं कोपरे गोल करत बसतो, माणसाच्या हाताला टोचू नयेत म्हणून. आणि तू तिथं खोटं भरतेस."

"भीती वाटली होती मला तेव्हा."

"आता नाही वाटत?"

"आता जास्त वाटते."

"मग तुझी प्रगती आहे," तो म्हणाला आणि कपबशी उचलून आत गेला. थोड्या वेळानं आतून म्हणाला, "अगं, शनिवारी मधे उभी राहू नकोस. कडेला राहा." म्हणजे तो बूट त्यालाही ठाऊक होता.

शनिवारी साडेसातला दालन उघडलं. चार आणि पाच नंबरच्या काउंटरांवर 'बंद' अशा पाट्या, आणि संगणकांवर कापडं, मेलेल्या माणसाच्या तोंडावर घालतात तशी. साहेब वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसला होता. तिथून सगळं दिसायचं, ऐकू काही यायचं नाही.

आठला काकूनं पहिलं कार्ड दिलं. रांगेच्या अगदी शेवटच्या माणसाला, एका हसऱ्या विद्यार्थिनीला. तिनं ते पंख्यासारखं हलवत वारा घेतला. चष्मेवालीनं मान वर केली आणि हात केला. "पिवळं कार्ड, या ताई." नऊ मिनिटं. कार्ड पेटीत. काकूनं एक नंबरकडे बघितलं. चष्मेवाली संगणकाकडे बघत होती.

आठ वीसला दुसरं. तेही पुढे गेलं. अकरा मिनिटं.

साडेआठपर्यंत रांग सगळे पट्टे भरून दाराशी आली होती. लोक येतच होते. ट्रॉल्या, गुंडाळलेल्या गाद्या, खेळण्यातली सायकल, आजी-आजोबा. अजून दोन कार्डं अशीच गेली तर सगळं वीसच्या आत बसणार होतं. लहानी घरी, आणि पुढचा प्रत्येक शनिवार असाच. एक ना एक दिवस काच जाणार, त्यात शंका नव्हती. फक्त कुठल्या शनिवारी, एवढंच.

आठ चाळीसला शेवटी उभा होता एक म्हातारा. किडकिडीत, हातात पट्ट्यानं आवळलेली जुनी पेटी, शर्टाच्या खिशातून मोजायच्या फितीचं टोक बाहेर आलेलं. शिंपी. काकूनं त्याच्या हातात कार्ड ठेवलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, हे खिशात घाला. कोणी बोलावलं, हात केला, तरी काढू नका. काउंटरवर पोचल्यावरच द्या."

शिंपी घाबरला. "बाई, मी काही चुकलोय का? मुलानं तिकीट काढून दिलंय. पहिल्यांदाच चाललोय. हे दाखवलं नाही तर बसू देतील ना विमानात?"

"देतील. तुम्ही नाही चुकलात."

त्यानं कार्ड फितीमागं सरकवलं, आणि काय करावं न सुचून म्हणाला, "तुमच्या खांद्याची शिवण उसवलीय."

कार्ड खिशात गेलं आणि काकूला खरी भीती वाटायला लागली. आजवर तिचं कार्ड पुढे पळायचं. आता ते रांगेत अडकलं होतं, आणि रांग हलत नव्हती. दहाच्या विमानाची माणसं ओरडून पुढे बोलवावी लागली, ती आडवी घुसली, मागचे आणखी मागे गेले. एक नंबरवर चष्मेवाली मान उंच करून पिवळं शोधत होती. काकू रांगेच्या कडेनं फिरत होती आणि नजर शिंप्यावरून हलत नव्हती; नऊचं कार्ड द्यायचं राहूनच गेलं. पाच पावलं. थांबला. दोन पावलं. त्यानं पेटी या हातातून त्या हातात घेतली. मग पेटी खाली ठेवली. मग पायानं ढकलायला लागला.

सव्वानऊला त्याचा चेहरा मातीसारखा झाला. त्यानं शेजारचा पट्टा धरला, पट्टा ताणत खाली गेला आणि तो पेटीवर बसला, बसला म्हणण्यापेक्षा कोसळला. मागच्या ट्रॉलीचं टोक त्याच्या पाठीला लागलं.

काकू पट्ट्याखालून आत गेली. पाणी पाजलं. त्याच्या कपाळाला हात लावला तर थंड आणि ओला.

"मला पुढे नेता का बाई?" तो म्हणाला. "हे कार्ड दाखवलं तर नेतील का? पुढचे सांगत होते, असंच दाखवून एक पोरगी पुढे गेली."

त्याला पुढे न्यायलाच हवं होतं, त्यात दुसरा विचार नव्हता. पण तो कार्डासकट पुढे गेला की पेटीत पुन्हा एक खोटं. चाळीस मिनिटं. चाळीस म्हणजे वीसच्या वर हे खरं, पण रांग चाळीसची नव्हती, ती अजून कितीतरी होती, आणि साहेब म्हणाला असता, एखादं कार्ड असतंच असं.

ती तिथं उकिडवी बसली आणि एकदम तिच्या ध्यानात आलं, की कार्ड माणसाचं नसतंच मुळी. ते जागेचं असतं.

"बाबा, कार्ड इकडे द्या. तुम्ही चला." तिनं लांबून चष्मेवालीला हाक मारली, "यांना आधी घे. तब्येत बरी नाही. कार्ड नाहीय यांच्याकडे." चष्मेवालीनं तिच्या हातातलं कार्ड पाहिलं, क्षणभर घोटाळली, पण म्हाताऱ्याला हाताला धरून घ्यायला स्वतः उठून आली. ती काही वाईट पोरगी नव्हती.

आणि काकू शिंप्याच्या जागी उभी राहिली. गणवेशात, दोन घड्याळं लावून, बॅग नाही, तिकीट नाही, हातात एक पिवळं कार्ड.

"काय हो, तुमचं विमान कुठलं?" पुढचा टकला माणूस वळून म्हणाला.

"माझं विमान नाही."

"मग बाहेर व्हा की. नाहीतर काउंटरवर बसा."

"काउंटरला कुलूप आहे," काकू म्हणाली. खरंच होतं. बंद संगणकांचे परवलीचे शब्द साहेबाकडे होते.

तेवीस वर्षांत ती रांगेच्या आत कधी उभी राहिली नव्हती. बाहेरून रांग लांब दिसायची. आत लांबी कळतच नाही. आत फक्त पुढची पाठ आणि मानेवर मागच्याचा श्वास. पंधरा मिनिटांनी साडेदहाच्या विमानाची माणसं पुढे बोलवली गेली, आणि मागून एक लाट आली. कोणी ढकललं असं नाही. सगळेच अर्धं पाऊल पुढे आले, आणि अशी दोनशे अर्धी पावलं एकदम काकूच्या पाठीवर पडली. एक खांब आडवा झाला. घणकन. ट्रॉलीवरची सायकल घसरली. दाराकडून काचेवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

आणि रांग गप्प झाली.

काकूला चाकं ऐकू आली. तिचे गुडघे आपोआप वाकायला लागले. खाली बस, असं अंग सांगत होतं, कुठंतरी घूस, डोकं गुडघ्यांत घाल. काउंटर तीस पावलांवर होतं आणि मधे सगळी माणसं. तिनं खाली बघितलं. पायच पाय. ती किंचाळली असती, पण आवाज फुटला तो भलताच, चिरका, आणि शब्द आले तेही भलतेच. मागं वळून ती म्हणाली, "तुम्ही घरून किती वाजता निघालात?"

मागं एक जाडजूड बाई होती, कडेला एक आणि हाताला दोन अशी तीन पोरं घेऊन. ती काकूकडे खाऊ की गिळू अशी बघत होती.

"पाचला. का?"

"नाश्ता केला का पोरांनी?"

"बिस्किटं खाल्ली. तुम्हाला काय करायचंय?"

"नाही, बोला. बोलत राहा जरा." काकू म्हणाली. "गप्प राहू नका. तुम्ही पण, दादा. किती लांबून आलात?"

टकला म्हणाला, "आलो तिथून लांब नव्हतं. इथून पुढे लांब आहे." कोणीतरी हसलं. मागून एकानं विचारलं, अजून किती वेळ? काकूनं मनगटावर पाहिलं, मग खिशावर. "अर्धा तास तरी. इथून मागच्यांना तासाच्या वर. उगाच पुढे रेटू नका, रेटून लवकर होत नाही. तो खांब उचला कोणीतरी."

खांब उचलला गेला. लोक बोलायला लागले, म्हणजे शिव्याच द्यायला लागले, विमान कंपनीला, सरकारला, एकमेकांच्या बॅगांना. काकूला ते गाण्यासारखं लागलं.

"मग ते दोन काउंटर बंद का ठेवलेत?" बाईनं विचारलं.

काय झालं कोण जाणे. साहेबाला पाच दिवसांत जे सांगता आलं नाही, ते ती या बाईला म्हणाली. "माझ्यामुळं. मी सहा वर्षं खोटी वेळ लिहून दिली. रांग नाहीच असं दाखवलं. म्हणून कमी केले."

बाईनं कडेवरचं पोर दुसऱ्या कडेला घेतलं. तिच्या तोंडावरचा राग गेला नाही. "मग राहा उभ्या," ती म्हणाली. "आम्ही पण उभेच आहोत."

पावणेदहाला साहेब धावत खाली आला. रांग बाहेर रस्त्यापर्यंत गेली होती.

"काकू, बाहेर या आधी. माणसं आवरा. इथं काय करताय?"

"मी रांगेत आहे, साहेब."

"म्हणजे काय?"

"कार्ड माझ्याकडे आहे. पोचले की येते."

वरून त्याला हे सगळं मुंग्यांसारखं दिसलं असणार. आता एका ट्रॉलीनं त्याला पट्ट्यापाशी चेपलं होतं आणि टकला त्याला म्हणत होता, "साहेब, मधे घुसू नका, शेवट तिकडे आहे."

दहा वाजून सहा मिनिटांनी काकू तीन नंबरच्या काउंटरवर पोचली. तिथं लहानी. तिनं कार्ड घेतलं, वरची वेळ वाचली आणि पेन धरून थांबली. तिचे डोळे भरले होते.

"काकू, काय लिहू?"

"तुझ्यासमोर घड्याळ आहे ना?"

लहानीनं लिहिलं. एक तास सव्वीस मिनिटं. कार्ड पेटीत पडायच्या आधी साहेबानं ते काढून घेतलं. आठचं आणि आठ वीसचं त्यानं पेटीतून आधीच काढलं होतं. त्यानं तिन्ही शेजारी शेजारी धरली.

"नऊ, अकरा आणि शहाऐंशी," तो म्हणाला. "हे एक काहीतरी चुकलंय."

"नाही साहेब. ते एकच बरोबर आहे."

ती सांगत गेली. कोटवाला माणूस, हात करून पुढे घेणं, सहा वर्षं. पोरींना मीच शिकवलं, त्यांनी फक्त ऐकलं, हे तीनदा म्हणाली. एक नंबरवर चष्मेवालीचे हात थांबले होते. साहेबाचा मऊ आवाज आणखी मऊ झाला, आणि काकूला त्याचीच सगळ्यात भीती वाटली.

"हे लिहून द्यावं लागेल."

"देते. आधी ते दोन उघडा, मग देते."

त्यानं मागं वळून रांगेकडे पाहिलं. मग चार नंबरकडे गेला आणि संगणकावरचं कापड काढलं.

लिहून देताना काकूची सही नोकरीच्या कागदावरच्या सहीशी जुळेना. दोनदा करावी लागली.

नोकरी गेली नाही. का गेली नाही ते तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. प्रमुखपद गेलं, मानपत्र भिंतीवरून गेलं, फाइलमध्ये एक लांबलचक पत्र आलं. पाचही काउंटर राहिले. लहानी राहिली. चष्मेवाली पाळीची प्रमुख झाली आणि काकू पाच नंबरवर बसते, ऐन तारुण्यात जिथं बसली होती तिथंच. खांद्याची शिवण अजून उसवलेलीच आहे.

अजूनही दर वीस मिनिटांनी एक कार्ड रांगेतून यायला लागतं. त्यांचे कोपरे अजून गोलच असतात. परवा एका माणसानं ते लांबूनच उंच धरून दाखवलं. घाईत होता. त्याला कुणीतरी सांगितलं असणार, की पूर्वी हे दाखवलं की पुढे घ्यायचे. रांग त्या वेळी बरीच होती, आणि चष्मेवाली कडेला उभी राहून काकूकडे बघत होती. काकूचे तळहात ओले झाले.

"रांगेतून या," ती म्हणाली, आणि समोरच्या बाईची बॅग काट्यावर घेतली.